विहिरीचा काठ दिल्याबद्दल, काकाजींना

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

ज्वालामुखीचा खडक शिकायला विद्यापीठाची मुलं लोणारला येतात. पण तिथलं उल्का आदळून झालेलं विवर अभयारण्यात आहे, तिथे हातोडा चालवता येत नाही. बाहेर शेतशिवारात सगळं काळ्या मातीखाली झाकलेलं. लाव्हाचे थर एकावर एक उघडे दिसतात ते फक्त विहिरीत, आणि तुम्ही तुमची विहीर आमच्यासाठी मोकळी केलीत. त्यासाठी हे पत्र.

दोन रात्री लाईट येईल तशी मोटर चालवून तुम्ही पाणी उपसलंत आणि ते हरभऱ्याला दिलंत. म्हणून भिंत बेचाळीस फुटांपर्यंत कोरडी मिळाली. ओल्या भिंतीवर सगळा दगड सारखाच काळा दिसतो आणि सीमा हुकतात. खाली कुणीही उतरण्याआधी तुम्ही पेटता कंदील दोरीने तळाशी सोडलात, तो विझला नाही याची खात्री केलीत आणि मगच यारीचा दोर हातात दिलात. ही शिस्त आम्ही आता आमच्या सूचनांमध्ये पहिल्या ओळीत घातली आहे.

मोजमापात नेहमी होणारी चूकही तुम्हीच पकडलीत. टेपला वजन बांधून सोडताना मुलं कठड्याच्या माथ्यावरून शून्य धरत होती. कठडा दोन फुटांचा, म्हणजे प्रत्येक थर दोन फूट खाली सरकला असता. शून्य जमिनीपासून धरल्यावर नोंद अशी आली: चार फूट काळी माती, अकरा फुटांपर्यंत मुरूम, सत्तावीसपर्यंत घट्ट काळा दगड, मग दोन फुटांचा तांबडा पट्टा आणि त्याखाली तळापर्यंत भोकाभोकांचा दगड, म्हणजे मांजऱ्या.

त्या तांबड्या पट्ट्यापाशी सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. एक लाव्हा थंड झाल्यावर त्याचा वरचा भाग हवापाण्याने कुजतो, त्यातलं लोखंड गंजून लाल होतं आणि पुढची लाव्हा त्यावरून वाहत जाऊन त्याला भाजून काढते. म्हणजे तो पट्टा दोन लाव्हांमधला खंड आहे. दख्खनचा हा सगळा पसारा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात कुठे किती उसंत होती, हे अशा पट्ट्यांवरून वाचता येतं. नवखे विद्यार्थी भोकांचा प्रत्येक पट्टा नवी लाव्हा म्हणून मोजतात. पण एकाच जाड लाव्हाच्या वरच्या सालीत वायूच्या बुडबुड्यांचे दोन-तीन पट्टे सहज असतात. तांबडा पट्टा सापडला तर नवी लाव्हा नक्की. नाही सापडला तर घट्ट दगडाच्या तळाशी उभ्या नळ्यांसारखी भोकं शोधायची. तुमच्या विहिरीत दोन्ही आहेत, एकमेकांना खेटून. नळ्या वाहत्या लाव्हाच्या दिशेने किंचित कललेल्या असतात, पण एकटी नळी फसवते. वीसेक मोजल्या तरच दिशा सांगावी. तीही होकायंत्र दगडाला न टेकवता, कारण या दगडात चुंबकी लोहखनिज असतं आणि सुई भरकटते.

खोदताना पहार घट्ट दगडावर खणखणते आणि मांजऱ्यावर बद्द वाजते, हे तुम्ही सांगितलंत. आम्ही तो आवाज नोंदवहीत रंगाच्या शेजारी लिहायला लावला. मुरमातले कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे ज्वालामुखीने फेकलेले नसून दगड कुजताना तयार झालेले आहेत, हे तुम्ही एक गोटा पहारीने सोलून आतला ताजा काळा गाभा काढून दाखवलंत, तेव्हा कुणाला दुसऱ्यांदा समजावावं लागलं नाही.

मांजऱ्याच्या भोकांतली पांढरी खनिजं तुम्ही सरसकट गारगोटी म्हणता. त्यात तीन जाती निघाल्या: काचेवर ओरखडा काढते ती खरी गारगोटी, चाकूने ओरखडली जाते पण सौम्य आम्लात फसफसत नाही ती झिओलाइट, आणि लगेच फसफसते ती कॅल्साइट. प्रत्येकी मूठभर नमुना, त्यावर वरच्या बाजूचा बाण आणि खोली, मग वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत. बाण राहिला तर नमुना निरुपयोगी, मग तो कितीही सुंदर असो.

पत्रासोबत विहिरीचा मोजलेला नकाशा जोडला आहे, फुटांतच. विहीर खोल करण्याचा विचार आहे म्हणालात, तर एवढं करा: सत्तावीस ते एकोणतीस फुटांचा पट्टा चिकणमातीचा आहे. त्याच्या माथ्यावरून पाझर येतो आणि ओला झाला की तो फुगून सुटतो. तिथे आधी कडं बांधून घ्या, पाझराला भोकं ठेवून, आणि मगच तळ फोडा. सुरुंग लावणारा आला तर हा नकाशा त्याच्या हातात द्या.

भिंतीवर चुन्याने मारलेल्या पाच खुणा तेवढ्या राहू द्या. पुढची तुकडी माघात येईल, तुमचा हरभरा निघाल्यावर.

आपले कृतज्ञ,
भूशास्त्र क्षेत्र-अभ्यासाचे विद्यार्थी आणि शिक्षक