कृष्ण ऊर्जेच्या बातमीत मोजमापाची बाजूही हवी

मा. संपादक,

विश्वाचे प्रसरण वेगवान करणारी कृष्ण ऊर्जा (डार्क एनर्जी) काळानुसार क्षीण होत असल्याच्या बातम्यांवर आम्हा ठाण्यातील आकाशनिरीक्षकांत बरीच चर्चा झाली. मात्र या निष्कर्षातला सर्वांत नाजूक दुवा, म्हणजे अतिनवताऱ्यांचे (स्फोट होऊन झळकणाऱ्या ताऱ्यांचे, ज्यांच्या तेजावरून अंतर काढतात) मोजमाप, बातम्यांत फारसा येत नाही. मार्च २०२५ मध्ये दीर्घिकांचा नकाशा तयार करणाऱ्या ‘डेसी’ प्रकल्पाने आपल्या नकाशाला वैश्विक पार्श्वभूमी प्रारण (विश्वाच्या बाल्यावस्थेतून आलेले प्रारण) आणि अतिनवतारे यांची जोड दिली, तेव्हा स्थिर कृष्ण ऊर्जेपासूनचे विचलन अतिनवताऱ्यांच्या तीन संचांनुसार २.८, ३.८ आणि ४.२ सिग्मा असे निघाले (सिग्मा जितका मोठा, तितकी तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी). दीर्घिका त्याच, प्रारण तेच. बदलला तो केवळ अतिनवताऱ्यांचा संच.

जवळचे अतिनवतारे बहुधा जुन्या, निरनिराळ्या दुर्बिणींनी टिपलेले असतात आणि दूरचे आधुनिक कॅमेऱ्याने. जांभळी नाक्यावरच्या दोन दुकानांतले काटे जुळवून न घेता वजनांची तुलना करावी, तसा हा धोका आहे. केंब्रिजचे जॉर्ज एफस्टॅथिऊ यांनी २०२४ मध्ये दोन संचांतील सामाईक अतिनवतारे ताडून पाहिले, तेव्हा जवळच्या व दूरच्या गटांत सुमारे ०.०४ प्रतींची (प्रत म्हणजे ताऱ्याचे तेज मोजण्याचे एकक) तफावत आढळली. तेजस्वितेत ती जेमतेम चार टक्के, अंतरात दोन टक्के भरते. पण बदलत्या कृष्ण ऊर्जेचा संकेतही तितक्याच बारीक फरकावर उभा आहे. ही तफावत बहुतांशी सुधारित प्रारूपांमुळे व निवडीच्या दुरुस्त्यांमुळे दिसते, असे यांपैकी एक संच तयार करणाऱ्या ‘डार्क एनर्जी सर्व्हे’च्या संघाचे उत्तर आहे आणि तेही वाचकांपर्यंत पोहोचले पाहिजे.

अशा बातमीत कोणता संच वापरला आणि अतिनवतारे वगळल्यास काय उरते (‘डेसी’च्या बाबतीत ३.१ सिग्मा), हे दोन ओळींत तरी द्यावे, ही विनंती.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे