85 अंशांवर शंका घेणाऱ्या काकांस

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चहा टाकायचा का?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या वाड्यात फिरत फिरत ते तुमच्यापर्यंत पोचेलच. काकू आधी वाचतील, ते वेगळं.

त्या रात्री मी खरं तर प्रिंटर मागायला आले होते. सकाळी जर्नल द्यायचं होतं आणि माझ्या लेखी प्रयोग संपला होता. 10 ओहमचा रेझिस्टर, त्याच्या सीरिजमध्ये 100 मिलिहेन्रीचा इंडक्टर (तारेचं वेटोळं), 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. करंट व्होल्टेजच्या किती मागे पडतो ते एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरवर मोजायचं. मला 85 अंश मिळाले होते. इंडक्टरमध्ये 90 अंश, हे बारावीपासून घोकलेलं, त्यामुळे 85 मला अगदी घरचं वाटलं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून कागद पाहिलात आणि म्हणालात, "थोभ जरा." (मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्ये नोकरी झाल्यामुळे तुमच्या शंका गुजरातीत येतात, हे वाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे.)

"ओमेगा एल किती?" (म्हणजे इंडक्टरचा 50 हर्ट्झला होणारा विरोध, ओहममध्ये.)

"31.4."

"भागिले 10?"

"3.14."

"मग टॅन इन्व्हर्स 72 च्या जरासा वर. 85 कुठून आणलेस?"

मी खापर सिम्युलेटरवर फोडलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "कितव्या सायकलला मोजलंस?" पहिल्याच. सगळ्या लाटा सारख्याच असणार ना!

मग तुम्ही स्क्रीनवर बोट टेकवलंत. पहिली लाट शून्याच्या वर उंच होती आणि खाली उथळ, कुणी बखोटीला धरून वर उचलल्यासारखी. व्होल्टेज शून्य असताना स्विच पडला की करंटमध्ये एक डीसी भाग, म्हणजे एकाच दिशेचा करंट, शिरतो, आणि तो विरायला एल भागिले आर (इंडक्टन्स भागिले रेझिस्टन्स) एवढा वेळ धरायचा, इथे 10 मिलिसेकंद. त्याच्या पाचपट वेळ गेला की तो नावापुरता उरतो. व्होल्टेज 10 मिलिसेकंदांना शून्यातून खाली उतरत होतं आणि करंट 14.72 ला. या अंतरातला डीसीचा वाटाही मी फेज (मागे पडण्याचा कोन) म्हणून मोजला होता.

तेवढ्यावर तुमचं समाधान होईना. रेझिस्टर काढून टाकायला लावलात. करंट 0 ते 20.7 अँपिअर असा वरच्या वर झुलत राहिला, शून्याखाली उतरेचना. एलटीस्पाइस इंडक्टरला आपणहून 1 मिलिओहम देतं, तेव्हा हिशेबाने तो डीसी विरायचा वेळ 100 सेकंद निघाला. पाचपट म्हणजे 25,000 सायकल. "बस मग मोजत," म्हणालात आणि खरंच चहा टाकायला उठलात. येताना सांगितलंत की रिकामा ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना तो पहिला हुंकार देतो, तेही याच जातीचं दुखणं, फक्त तिथे लोखंडी कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकत्वाने भरून जातो, आणि करंट कितीतरी पटींनी उसळतो. तेवढ्या वेळात मीटर वाचायला धावणाऱ्या नवशिक्याला तुम्ही चहा आणायला पिटाळायचात.

रेझिस्टर परत लावला. कर्सर 100 मिलिसेकंदांच्या पुढे नेला. शिखरं मोजू दिली नाहीत, कारण लाटेचा माथा सपाट असतो आणि कर्सर तिथे कुठेही बसतो. शून्य ओलांडताना ती सगळ्यात उभी असते, तिथेच धरायचं. 20 मिलिसेकंदांचे 360 अंश, म्हणून 1 मिलिसेकंदाचे 18. टाइम स्टेप 10 मायक्रोसेकंदांवर आणली, म्हणजे चूक झाली तरी 0.18 अंशाची. व्होल्टेज 100 ला वर चढलं, करंट 104.02 ला. गुणिले 18, 72.36. तुम्ही काही बोलला नाहीत, प्रिंटरचं बटण दाबलंत.

दुसऱ्या दिवसाचंही सांगायलाच हवं. लिसाजू (आडव्या अक्षावर व्होल्टेज, उभ्यावर करंट) काढायला बसले आणि लंबवर्तुळ डावीकडे कललं. मी अर्धा तास समीकरणं उलथीपालथी करत होते. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन दारातून जाता जाता पाहिलंत आणि चप्पलही न काढता म्हणालात, "करंट उलटा धरलायस." खरंच, सर्किट नीट दिसावं म्हणून मी इंडक्टर फिरवला होता आणि त्याच्या करंटचा बाण उलटा झाला होता. 72 चे 108 झाले होते. लंबवर्तुळावरून कोनाचा साइनच निघतो आणि तो दोघांचा एकच, त्यामुळे आकड्यांत मला काही वावगं दिसलंच नव्हतं.

व्हायवात मॅडमनी विचारलं, "85 का नाही आलं? बाकी बऱ्याच जणांचं आलंय." मी सांगितलं. त्यांनी नंतर सगळ्या बॅचला पहिल्या पाच सायकल सोडून मोजायला लावलं. बॅच माझ्यावर रागावली आहे, तो राग तुमच्या नावे जमा करते.

तुम्ही दाखवायला दिलेला ट्यूबलाइटचा जुना चोक अजून माझ्याकडेच आहे. पत्रा उघडल्यावर आतलं काळं डांबर आमच्या डायनिंग टेबलाला लागलं, आई अजून रॉकेलने पुसते आहे. रविवारी चोक आणि काकूंचा डबा दोन्ही परत आणते. डबा रिकामा नसेल.

तुमची,
खालच्या मजल्यावरची