आईचा बीपी घाईघाईने न पाडणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

रोज एवढे पेशंट येतात, आम्ही तुमच्या लक्षात असू की नाही काय माहीत. पक्षाघाताचा झटका येऊन उजवा हात लुळा, तोंड वाकडं आणि तरी "मला काय झालं नाय" असं अडखळत सांगणारी ती माझी आई, आणि शेजारी उभं राहून "आधी बीपीची गोळी द्या" म्हणून आवाज चढवणारे ते माझे मामा.

मॉनिटरवर 208/116 बघून कुणाचीही पाचावर धारण बसेल हो. मामांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी तयारच होती. तुम्ही सरळ हात आडवा घातलात, तोंडातनं काहीही द्यायचं नाही म्हणालात, आणि बोटातून शुगर तपासता तपासताच त्यांना समजावलंत. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर आजूबाजूचा मेंदू ह्या वाढलेल्या प्रेशरवरच तग धरून असतो, दाब कमी झाला की नळाचं पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही ना, तसं, एकदम पाडला तर वाचणारा भागही जायचा. आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर हिशोब उलटा, मग वरचा आकडा लवकर 140 च्या आसपास आणावा लागतो. म्हणून आधी डोक्याचा सीटी स्कॅन. मामा गप्प झालेले मी आयुष्यात फार कमी वेळा बघितलेत!

सीटीत रक्तस्राव नव्हता, आई शेवटची नीट कधी बोलली ते मला पक्कं आठवत होतं, साडेचार तासांच्या आत होतो, त्यामुळे डॉक्टर म्हणाले गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. पण त्यासाठी बीपी 185/110 च्या खाली पाहिजे, नाहीतर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. म्हणजे मगाशी पाडायचा नव्हता तो आता उतरवायचा, पण बेतानेच. बीपी उतरवायचं लॅबेटालॉल शिरेतून देताना तुम्ही एक नजर घड्याळावर ठेवून सिरिंज इतकी हळू ढकलत होतात की मला वाटलं अडकली की काय. 176/98 आल्यावर मग गुठळीच्या इंजेक्शनचा आईच्या वजनाप्रमाणे डोस, थोडा आधी आणि बाकीचा तासभर पंपावर.

आणि खरं काम तर नंतरचं होतं. पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी बीपी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाला, मग 24 तास होईपर्यंत तासातासाला, 180/105 च्या वर जाऊ द्यायचा नाही. शीटवर लिहायचंच, पण तुम्ही मॉनिटरच्या कडेला मायक्रोपोरची पट्टी चिकटवून त्यावरही पेनने आकडे टाकत होतात, तुमचं जेवण झालं का हे कुणीच विचारलं नाही. डॉक्टरांचे आभार आम्ही मानलेच, पेढेही दिले, पण पेढे वाटले तेव्हा तुमची ड्यूटी संपलेली.

आई आता काठी न घेता चालते, बोलणं बरंच स्पष्ट आहे, बटण लावायला मात्र अजून वैतागते. बीपीची गोळी रोज वेळेवर, आणि मीठ कमी केल्यामुळे रोज माझ्याशी भांडण. तिने घातलेल्या कैरीच्या लोणच्याची बरणी तुमच्यासाठी पाठवतेय, नाही म्हणू नका, घरात राहिली तर ती चोरून खाणार, आणि मामांकडे द्यावी तर परवा त्यांचाही बीपी 160 निघालाय.