मंत्रिमहोदय, इंजिनं चौथऱ्यावर उभी केलीत, धावती गाडी कुठे आहे?

प्रति,
मा. रेल्वेमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : बंद झालेल्या नॅरोगेज मार्गांचं घरोघरी पडून असलेलं जुनं चित्रीकरण जतन करण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

आधीच सांगतो, ब्रॉडगेज आलं याबद्दल माझी तक्रार नाही. लातूरहून मुंबईला एका गाडीत झोपून जाता येतं, याचं मोल काय ते ज्यांनी कुर्डुवाडीला अपरात्री सामान आणि पोरं सांभाळत गाडी बदलली आहे त्यांना विचारा. छोटी लाइन परत आणा, असं म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. ती गेली, ठीक आहे. ती होती याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा मात्र आपल्या देखत चालला आहे, आणि तो वाचवणं तुमच्या खात्याला मुळीच जड नाही.

बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने दोन रुळांत अडीच फूट अंतर ठेवून, म्हणजे नॅरोगेजवर, ती उभारली. मुख्य लाइनवरच्या आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शी गावापर्यंत गाडी जाऊ लागली, पुढे ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि २००० नंतर टप्प्याटप्प्याने तिचे रूळ बदलले. तिकडे वऱ्हाडात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीने कापसासाठी ही लाइन टाकली आणि १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४ च्या एप्रिलपर्यंत वापरलं. पुलगाव-आर्वी, खानदेशातली पाचोरा-जामनेर म्हणजे 'पीजे', दौंड-बारामती, नागपूर-छिंदवाडा : यादी तुमच्या दप्तरात आहेच.

दप्तर आहे, हे मान्यच. वेळापत्रकं आहेत, नकाशे आहेत, पुलांची ड्रॉइंगं आहेत. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. काही ठिकाणी जुनी इंजिनं रंगवून चौथऱ्यावर ठेवली आहेत आणि पोरं त्यांच्यापुढे सेल्फी काढतात. पण एखाद्या पोराने विचारलं की, "आजोबा, ही चालायची कशी?", तर दाखवायला काय आहे? ती किती वेगाने जायची, चढावर कशी धापा टाकायची, फाटकाशी थांबून कोण उतरायचं, आषाढीला टपावर किती माणसं असायची. हे कागदावर नाही, लोखंडातही नाही. ते आहे लोकांच्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत, बिस्किटाच्या डब्यात, आठ मिलिमीटरच्या फितीवर.

गेली काही वर्षं मी अशा फिती साफ करून स्कॅन करवून घेण्याच्या कामात लोकांना मदत करतो. पैसा फारसा नाही, पण पाहायला पुष्कळ मिळतं. घरगुती कॅमेरा तेव्हा कोणाकडे असे? डॉक्टर, वकील, जिनिंगवाले, साखर कारखान्यावरचे साहेब, एखादा हौशी फोटो स्टुडिओवाला. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आलेल्या परदेशी डॉक्टरांनी काय काय टिपून आपापल्या देशी नेलं असेल, याचा विचार केला तरी मला चैन पडत नाही. यांतल्या फार थोड्यांना रेल्वेचं वेड होतं. बाकीच्यांच्या फितीवर गाडी आली ती योगायोगाने. फीत महाग, आणि पूर्ण रीळ संपल्याशिवाय ती धुवायला पाठवण्यात अर्थ नसे. मग बारशाचे, मुंजीचे पाहुणे पोचवायला स्टेशनावर जाताना कॅमेरा बरोबर घ्यायचा आणि उरलेली फीत तिथे संपवायची. आपल्या छोट्या गाड्यांचा बराचसा चित्ररूप इतिहास हा असा उरल्यासुरल्या फितीचा आहे.

अशाच एका रिळाच्या डब्यावर पेन्सिलीने फक्त 'धाकटीचं बारसं' एवढंच लिहिलेलं होतं. पहिली दोन मिनिटं पाळणा, नऊवारीतल्या बायका, घुगऱ्यांचं ताट आणि कॅमेऱ्याकडे पाहायचं की नाही या संकोचात अडकलेल्या एक आजी. मग चित्र हललं आणि एकदम उन्हातलं स्टेशन आलं. गाडी थांबण्याआधीच गार्ड सहज उतरून डब्याबरोबर चालू लागतो. खिडक्यांच्या गजांना दुधाच्या किटल्या टांगलेल्या आहेत. एक माणूस आधी पोराला खिडकीतून आत देतो, मग गाठोडं देतो आणि स्वतः दारातून चढायला पळतो. स्टेशन मास्तर ड्रायव्हरच्या हाती लाइन क्लिअरचा, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याचा, कागद देतात, ड्रायव्हर तो न वाचताच खिशात घालतो. (त्यांच्यावर आता कारवाई होऊ नये, ही नम्र विनंती.) हे सगळं मिळून पाऊण मिनिट. तुमच्या कुठल्या नियमपुस्तकात किंवा वार्षिक अहवालात हे पाऊण मिनिट सापडेल?

आणि डब्यावर लिहिलंय बारसं! कोणी उद्या 'रेल्वेची जुनी फिल्म आहे का?' म्हणून घरोघर विचारत फिरला, तर हे कुटुंब प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल. म्हणून नुसती जाहिरात देऊन भागणार नाही. 'या स्टेशनांच्या आसपास तुमच्या घरी कोणतंही जुनं चित्रीकरण झालं असेल, लग्नकार्याचं असलं तरी, ते एकदा तपासू द्या' असं विचारावं लागेल.

आता घाई कशाची, ते सांगतो. घरगुती फिती ॲसिटेटच्या असतात. त्या सहजासहजी पेट घेत नाहीत म्हणून 'सेफ्टी फिल्म' म्हणवल्या गेल्या, पण उष्णता आणि दमट हवा लागली की त्या आतून कुजतात. डबा उघडला की व्हिनेगरचा उग्र वास येतो. ते ॲसेटिक ॲसिड. ते फितीतूनच सुटतं आणि फितीचंच कुजणं आणखी वाढवतं, म्हणजे एकदा सुरुवात झाली की वेग वाढतच जातो. फीत आकसते, वाकते, ठिसूळ होते. मराठवाड्यात, विदर्भात उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय तापमान असतं, ते तुमच्या खात्यातले त्या भागातले लोक सांगतील. त्यानंतर चार महिने पावसाळी दमट हवा आणि बुरशी. थंड, कोरड्या जागी शंभर वर्षं टिकेल अशी वस्तू आपण तिला सर्वांत मारक अशा हवेत ठेवली आहे.

त्यात प्रेमापोटी होणारं नुकसान वेगळंच. कोणीतरी आजोबांचा प्रोजेक्टर खाली काढतं, फीत अडकवतं आणि भिंतीवरचं चित्र मोबाइलवर टिपतं. फीत आकसलेली असली की तिची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि दाते भोकं फाडत जातात. फीत वाचली तरी मोबाइलवरचं चित्र लुकलुकतं. शिवाय वेग चुकतो. जुनी साधी आठ मिलिमीटर फीत सेकंदाला साधारण १६ चित्रांची, तिच्यानंतर आलेली सुपर-८ ही १८ ची. ती आजच्या २५ च्या वेगाने चालवली की गाडी आणि माणसं तुरुतुरु पळतात आणि पाहणारे हसतात. आमची गाडी मंद होती हे खरं, पण ती विनोदी नव्हती. योग्य रीत एकच : फीत प्रोजेक्टरवर न चढवता, दाते नसलेल्या स्कॅनरवर एकेक चित्र टिपणं. सुपर-८ चं ५० फुटी रीळ म्हणजे ३,६०० चित्रं, पाहायला ३ मिनिटं २० सेकंद.

व्हिडिओ कॅसेटींची गत याहून वाईट. शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनाचे शेवटचे दिवस कोणी टिपले असतील तर ते बहुधा व्हीएचएसवर. टेपला बुरशी धरते, आणि ती चालवायला चालू स्थितीतला व्हीसीआर लागतो. जगातल्या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने तो बनवणं २०१६ मध्ये थांबवलं. त्याहून अलीकडचं, म्हणजे मोबाइलवर आणि हार्ड डिस्कवर टिपलेलं, कधी उडालं हे घरच्यांनाही कळत नाही. सत्तर सालची फीत वास मारून निदान इशारा तरी देते.

मी ही गोष्ट घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी चहा पाजला, पाच मिनिटं फीतही पाहिली, आणि मग अगदी मनापासून अडचण सांगितली : "हे घ्यायचं कुठल्या फाइलमध्ये?" त्यांचं चुकलं नाही. तशी फाइलच नाही. म्हणून थेट तुम्हाला लिहितो आहे.

यंत्रं आणि जाणकार माणसं देशात आहेत, आणि तीही पुण्यात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून तिथे आहे, २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आलं. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून सिनेमांचं डिजिटायझेशन होत आहे. पण कुर्डुवाडी किंवा मूर्तिजापूरच्या गल्लीबोळांतून रिळं हुडकून काढणं हे त्यांचं काम नाही. ते तुमच्या माणसांचं आहे, कारण कोणाचे वडील कुठे पॉइंट्समन, म्हणजे सांधे बदलणारे, होते हे त्यांना ठाऊक असतं. माहिती व प्रसारण मंत्रालयाला तुमचं एक पत्र गेलं, तर गोळा करणं रेल्वेने आणि स्कॅनिंग पुण्याने, अशी वाटणी सहज होईल. मोतीबागेचं संग्रहालय आणि कुर्डुवाडीची कार्यशाळा ही जमा करण्याची दोन ठिकाणं पुरे आहेत. सुरुवात पेन्शन अदालतीपासून करा. निवृत्त कर्मचारी आणि त्यांच्या घरची मंडळी तिथे आपण होऊन येतात, त्याच टेबलाशेजारी एक टेबल वाढवा.

लोक मात्र फीत हातची सोडायला भितात, आणि ते रास्त आहे. मूळ फीत परत मिळालीच पाहिजे, सोबत घरच्यांसाठी एक प्रत, आणि हे सारं लेखी. फितीत घरातली बाईमाणसं वावरताना दिसतात, न्हाऊ घातलेली बाळं दिसतात. ते जगाला दाखवायचं कारण नाही. गाडीचा भाग तेवढा सार्वजनिक व्हावा, बाकीचं त्या कुटुंबाचं. आणखी एक भीती ऐकून तुम्हाला हसू येईल. पुलांवर, स्टेशनांवर 'फोटो काढण्यास मनाई आहे' अशा पाट्या असत. ज्यांनी तेव्हा बिनपरवाना कॅमेरा चालवला त्यांच्या मुलांना आजही वाटतं की फीत दिली तर कोणी जाब विचारेल. एकाने मला पूल आलेला तुकडा कापून उरलेलं देऊ का, असं विचारलं! तेव्हा जुन्या घरगुती चित्रीकरणाबद्दल कोणालाही विचारणा होणार नाही, एवढं एक वाक्य तुमच्या सहीने निघालं तरी कितीतरी डबे उघडतील.

स्कॅन झालं की काम संपलं, असंही नाही. चित्रातलं स्टेशन कोणतं, साल कोणतं, इंजिन कुठल्या शेडचं, हे ओळखणारे फायरमन, ड्रायव्हर, गार्ड आता ऐंशीच्या घरात आहेत. फीत निदान थंड जागी ठेवता येते, माणसं नाही ठेवता येत. त्यांना बसवून हे दाखवायला हवं आणि ते बोलतील ते लिहून घ्यायला हवं. जगात २००३ पासून दरवर्षी 'होम मूव्ही डे' होतो : लोक आपली रिळं घेऊन येतात, जाणकार ती तपासतात, मग सगळे मिळून पाहतात. तसा एक दिवस जुन्या लाइनीवरच्या एखाद्या स्टेशनात करून पाहा. तिकीट लावलंत तरी गर्दी होईल.

घरगुती फितीला कोण विचारतो, असं कोणी तुम्हाला सांगितलं तर एवढं लक्षात असू द्या : १९६३ मध्ये केनेडींची हत्या आठ मिलिमीटरवर टिपली ती कापडाच्या धंद्यातल्या एका हौशी माणसाने, आणि १९९४ साली अमेरिकेने ती फीत आपल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतली. आपल्याकडे पुण्यात २००३ च्या जानेवारीत आग लागून जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिती जळाल्या, तेव्हा हळहळ सगळ्यांनी केली. त्या फिती निदान कोणाच्या तरी ताब्यात होत्या, त्यांची यादी होती. माळ्यावरची रिळं गेली तर गेली हेही कळणार नाही.

माझी मागणी छोटी आहे. सगळा देश एकदम घेऊ नका. बार्शी लाइट आणि शकुंतला या दोनच लाइनी घ्या, सोलापूर आणि भुसावळ विभागांतला एकेक अधिकारी नेमा आणि वर्षभर करून पाहा. आदेश पावसाळ्याच्या आत निघाला तर बरं, म्हणजे डबे माळ्यावरून ओल धरण्याआधी खाली येतील. माझ्याकडे विश्वासाने दिलेल्या फितींपैकी ज्यांच्या मालकांची संमती आहे त्यांच्या स्कॅनच्या प्रती मी विनामूल्य द्यायला तयार आहे. कुठल्या कार्यालयात आणून द्यायच्या, तेवढं कळवावं.

कळावे,
आपला नम्र,
जुन्या फिती जपणारा एक नागरिक