लॅबमधून बाहेर फोन लागत नाही: ईपीएबीएक्सच्या चुकीच्या सेटिंगबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

धंतोलीतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आपल्या माणसांनी दोन महिन्यांपूर्वी ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनींना जोडणारं यंत्र) बसवला. बाहेरच्या चार लाइनी, सोळा एक्स्टेन्शन. आवाज स्वच्छ आहे, वायरिंगही नेटकं आहे. तक्रार आहे ती बाहेर फोन लावण्याची.

गेल्या मंगळवारी एका डायलिसिसच्या पेशंटचं पोटॅशियम ६.८ आलं. ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. इतकं वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. आमच्या टेक्निशियनने सॅम्पल पुन्हा लावलं, तोच आकडा. असा रिपोर्ट आला की डॉक्टरांना ताबडतोब कळवायचं, हा लॅबचा नियम. तिने ० दाबून बाहेरची लाइन घेतली, टोन आली, मग पुन्हा ० लावून डॉक्टरांचा मोबाइल नंबर फिरवला. टूं-टूं-टूं. तीनदा तेच. लॅबमध्ये स्वतःचा मोबाइल न्यायला मनाई आहे. शेवटी ग्लोव्हज काढून ती जिना उतरून रिसेप्शनवर धावली. पेशंटला वेळेत उपचार मिळाले, म्हणून आज फक्त पत्र लिहिते आहे.

लॅबच्या फोनवर एसटीडी (० लावून करायचे बाहेरगावचे फोन) बंद ठेवा, असं आम्हीच सांगितलं होतं. पण आपल्या इंजिनिअरने ० ने सुरू होणारा प्रत्येक नंबरच अडवून ठेवला. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावावाच लागतो. म्हणजे एसटीडीसोबत सगळे मोबाइलही बंद झाले. हे आम्हाला सुचलं नाही. रोज हेच काम करणाऱ्याने तरी विचारायला हवं होतं.

मग मी स्वतः एकेक नंबर लावून पाहिला, तेव्हा याहून गंभीर गोष्ट सापडली. आमची एक्स्टेन्शन १०१ ते ११६ आहेत. कोणी घाबरून ११२ दाबलं तर वरच्या स्टोअररूममधला फोन वाजतो. १०८ ला ॲम्ब्युलन्स बोलवायला जावं तर सॅम्पल कलेक्शनच्या टेबलावर रिंग जाते. १०१ ला आग कळवावी तर रिसेप्शन! आणीबाणीत माणूस आधी ० दाबायला विसरणारच. दवाखान्याशी जोडलेल्या जागेत असे नंबर देताना कोणाच्याच मनात शंका आली नाही, याचा मला खरोखर राग आला आहे.

तीनदा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा आपला माणूस रिसेप्शनवरून फोन लावून 'लाइन ओके' लिहून गेला. रिसेप्शनवर सगळंच सुरू आहे, अडचण लॅबमध्ये आहे, हे ऐकून घ्यायला कोणी थांबलं नाही. प्रोग्रामिंगचा पासवर्डही आम्हाला दिलेला नाही, नाहीतर एवढं आम्हीच केलं असतं.

लॅबच्या एक्स्टेन्शनवर एसटीडी सुरू करा. वर्ध्याचा कोड ०७१५२, अमरावतीचा ०७२१ आणि काही मोबाइल नंबरही ० नंतर ७ नेच सुरू होतात, त्यामुळे नंबरांना चाळणी लावत बसू नका. फक्त आयएसडी (परदेशातले फोन) बंद ठेवा. सगळी एक्स्टेन्शन २०० च्या पुढे न्या. ११२, १०८ आणि १०१ हे नंबर ० न दाबता, कुठल्याही फोनवरून थेट बाहेर गेले पाहिजेत. प्रत्येक फोनवरून ते लागतात की नाही, हे आमच्या माणसासमोर तपासून द्या. पासवर्डही लेखी द्या.

हे काम या आठवड्यात पूर्ण व्हावं. तोवर बिलाची उरलेली रक्कम दिली जाणार नाही.

आपली,
कार्यालय व्यवस्थापक,
पॅथॉलॉजी लॅब, धंतोली, नागपूर