तक्रार: टॉम्ब रेडरच्या डबीत अनचार्टेड निघालं आणि तुमच्या मते ते बरोबरच आहे

तुमच्या कस्टमर केअरचा सातवा कॉल आत्ता पाच मिनिटांपूर्वी संपला, म्हणजे समोरच्यानेच संपवला, म्हणून डायरेक्ट मॅनेजमेंटला लिहितोय. गेमच्या डिस्क विकणं हाच तुमचा धंदा आहे, त्यामुळे कुठली गेम काय आहे हे तुम्हाला माहीत असणार असं धरून चालतो.

ऑर्डर साधी होती. तुमचा तो प्री-ओन्ड, म्हणजे वापरलेल्या डिस्कचा, 'ॲडव्हेंचर कॉम्बो', पीएस४ (प्लेस्टेशन ४) च्या दोन डिस्क, १,८९९ रुपये. अनचार्टेडचं नेथन ड्रेक कलेक्शन (हिरो नेथन) मला आणि टॉम्ब रेडर डेफिनिटिव्ह एडिशन (हिरॉइन लारा क्रॉफ्ट) बहिणीला, भाऊबीजेची ओवाळणी म्हणून. ओवाळून झालं, तिने डबी उघडली, डिस्क टाकली आणि दोन मिनिटांत आतून हाक, "दादा, लाराला दाढी कधी आली रे?" डबीवर लारा, आत नेथन. माझ्या डबीतही नेथन. म्हणजे घरात दोन नेथन आणि लारा शून्य. आई अजून विचारते की तिला नेमकं दिलंस काय.

त्याच दिवशी रिटर्न टाकला, लगेच ॲप्रूव्ह झाला, तिथवर तुमचं कौतुक. तिसऱ्या दिवशी पिकअपवाला आला, डबी उघडली, डिस्कवरचं नाव वाचलं आणि म्हणाला, साहेब बॉक्स टॉम्ब रेडरचा आणि आत अनचार्टेड, आयटम मिसमॅच आहे, मला घेता येणार नाही. अहो तीच तर तक्रार आहे! तो बिचारा म्हणाला मला कळतंय पण ॲप घेत नाहीये. गेला.

मग कॉल सुरू झाले. पहिले सहा सोडून देतो, त्यात होल्डवरची बासरी आणि "अनबॉक्सिंग व्हिडिओ आहे का सर" याशिवाय काही नाही. (नाहीये. भाऊबीजेला बहिणीच्या हातातली डबी काढून घेऊन मोबाईल धरायचा असतो हे मला माहीत नव्हतं.) सातवा मात्र जसाच्या तसा लिहितो, तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, ऐका एकदा.

तुमचा माणूस म्हणाला, क्वालिटी टीमने फॉर्म दिलाय, मी एकेक पॉइंट विचारतो, तुमच्याकडे जी डिस्क आहे त्याबद्दल फक्त हो किंवा नाही सांगा.

"गेम समुद्रात बोटीवर सुरू होते?" हो. "पुढे बेटावर अडकतात?" हो. "सोबत व्हिडिओ कॅमेरावाली मुलगी आहे, डॉक्युमेंटरीचं काम करते?" हो, पण ती अनचार्टेडमधली एलेना आहे, टॉम्ब रेडरमधली लाराची मैत्रीण सॅम वेगळी. "नाव फॉर्ममध्ये नाहीये सर." बरं. "विमान पडतं?" पडतं. "बेटावर दुसऱ्या महायुद्धातले बंकर?" आहेत, पण जर्मनांचे, टॉम्ब रेडरमध्ये जपान्यांचे असतात. "सर, फक्त हो की नाही." हो. "शेवटी शापाचं मूळ जुनं प्रेत निघतं?" हो. "सहापैकी सहा जुळले सर, प्रॉडक्ट ॲज डिस्क्राइब्ड."

मी म्हटलं अहो हिरो पुरुष आहे, लारा क्रॉफ्ट बाई आहे, हे फॉर्ममध्ये नाही का? तर तुमचा माणूस, अगदी शांतपणे, लहान मुलाला समजावतात तसं, मला म्हणतो, "सर, सेटिंग्जमध्ये जा, कॅरेक्टर सिलेक्ट असेल, तिथे लेडी घ्या."

लेडी घ्या. मी १९९६ च्या पहिल्या टॉम्ब रेडरपासून खेळतोय, तेव्हा तर आमच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटरपण नव्हता, शेजारच्यांच्या पीसीवर त्या त्रिकोणी लाराला खड्ड्यात पाडायचो, आणि मला सांगताय सेटिंग्जमध्ये लेडी घ्या.

आता खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मीपण गार पडलो, कारण त्या फॉर्ममधला एकही पॉइंट खोटा नाहीये, सगळे दोन्ही गेमना लागू पडतात. पहिलं अनचार्टेड २००७ चं, सुरुवात पनामाजवळच्या समुद्रात, जुना इंग्रज दर्यावर्दी सर फ्रान्सिस ड्रेक याची शवपेटी वर काढतात, एलेना शूटिंग करतेय. नवीन टॉम्ब रेडर २०१३ चं, लाराचं एन्ड्युरन्स जहाज जपानजवळ फुटतं, जहाजावर टीव्हीवाला प्रोफेसर आणि सॅमच्या हातात कॅमेरा. तिकडे एल डोराडो म्हणून जी सोन्याची मूर्ती शोधतात ती शवपेटी निघते आणि आतल्या प्रेतापासून माणसं पिसाळतात, इकडे बेटाच्या प्राचीन राणी हिमिकोच्या प्रेतापायी बेटावरून कोणालाच बाहेर पडता येत नाही. शेवटी दोन्हीकडे उरलेसुरले लोक बोटीत बसून निघतात. मी दोन्ही गेम आधी मित्राच्या कन्सोलवर संपवल्यात पण अशा शेजारी शेजारी ठेवून कधी बघितल्याच नव्हत्या, ते काम तुमच्या फॉर्मने केलं, त्याबद्दल आभार, पण माझे पैसे त्याचे नव्हते.

आणि हे काका-पुतण्याचं जुनंच आहे हो. अनचार्टेड आलं तेव्हा लोक त्याला 'ड्यूड रेडर' म्हणून चिडवायचे, म्हणजे लाराची नक्कल, फक्त बाप्या घातलेला. सहा वर्षांनी लारा नव्याने आली तेव्हा तेच लोक म्हणायला लागले की आता हिने त्याचं उचललं. चालायचंच. पण पुतण्या काकासारखा दिसतो म्हणून काकाच्या लग्नात त्याला बोहल्यावर उभा करत नाहीत.

फरक विचारायचाच होता तर हे विचारायचं होतं: धनुष्य आहे का? शेकोटीपाशी बसून हत्यारं सुधारता येतात का? हरीण मारता येतं का? लारा सुरुवातीला पडते, कण्हते, थंडीने कुडकुडते, नेथन कड्याला एका हाताने लोंबकळूनही पांचट जोक मारतो. बहिणीला लोंबकळणारा बाप्या नको होता, तिला धनुष्य हवं होतं. दहा सेकंदांत कळतं. पिकअपवाल्याला तर गेम न लावता कळलं!

म्हणजे तुमचं म्हणणं असं, की डिस्क परत घ्यायची वेळ आली की मिसमॅच आणि पैसे परत द्यायची वेळ आली की मॅच. दोन्ही एकाच कंपनीचं, एकाच ऑर्डरवर. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा आणि मला लेखी कळवा.

चार वर्षं तुमच्याकडून घेतोय, ऑफिसातल्या निम्म्या लोकांना मीच तुमचं ॲप टाकून दिलंय, त्याचंच जास्त वाईट वाटतंय. आता त्याच लोकांना मी जेवणाच्या सुट्टीत "लेडी घ्या" ऐकवतो आणि सगळे ठसका लागेपर्यंत हसतात.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. पोच आली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावणार, आणि त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फीपण लागत नाही. १,८९९ साठी कोण जातंय असं समजू नका, मी जाणार, तुमचा तो सहा पॉइंटचा फॉर्म हातात घेऊन जाणार.

मला टॉम्ब रेडरची डिस्क पाहिजे. कूपन नको, वॉलेटमध्ये पॉइंट नकोत, "तुमच्या भावना आम्ही समजतो" नको. लारा पाठवा, दुसरा नेथन घेऊन जा. आणि न्यायला माणूस पाठवाल तर मागच्या वेळचाच पाठवा, त्याला डबीवरचं नाव वाचता येतं.