बंद पडलेली लायब्ररी दत्तक घेताना

संपादक महोदय,

गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी बहुधा नवे अ‍ॅप किंवा संकेतस्थळ निवडले जाते. ज्या ओपन सोर्स लायब्ररींवर, म्हणजे कुणालाही वापरता व बदलता येणाऱ्या तयार कोडच्या संचांवर, असंख्य प्रोग्राम अवलंबून आहेत, पण ज्यांचा मूळ मेंटेनर (देखभाल करणारा) काम थांबवून बसला आहे, त्यांची देखभाल मात्र प्रकल्पाच्या योग्यतेची मानली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

एकाच वेळी अनेक थ्रेड (एकाच प्रोग्राममधील समांतर कामे) चालवणाऱ्या लायब्ररींच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष महाग पडते. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.१३ या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२४ मध्ये, एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारे 'जीआयएल' हे सामायिक कुलूप काढलेली प्रायोगिक बांधणी (बिल्ड) प्रथमच उपलब्ध झाली. तिच्यात सी भाषेत लिहिलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनने (पायथॉनला जोडल्या जाणाऱ्या लायब्ररीने) आपण कुलपाविना चालतो असे घोषित केलेले नसेल, तर ते आयात होताच संपूर्ण प्रोग्रामसाठी कुलूप पुन्हा लागते. एक निष्क्रिय लायब्ररी अशा रीतीने सगळ्यांचा वेग अडवते. तपासणी न करता तशी घोषणा करणे तर त्याहून घातक, कारण दोन थ्रेडनी एकाच जागी लिहिल्याने होणारी चूक टेस्टमध्ये अनेकदा दिसतच नाही.

भाषेच्या प्रकल्पाने, म्हणजे पायथॉनसारखी भाषा विकसित करणाऱ्या समूहाने, अशी लायब्ररी आपल्यात घ्यावी, असे मला वाटते. मात्र ती कोण सांभाळणार, हे आधी ठरले पाहिजे. २००८ मध्ये 'पायप्रोसेसिंग' हे पॅकेज 'मल्टिप्रोसेसिंग' या नावाने पायथॉन २.६ मध्ये आले, तेव्हा ते सांभाळण्यास मूळ लेखक तयार असल्याची नोंद प्रस्तावातच होती. लेखक उपलब्ध नसेल, तर परवाना आणि जुना इतिहास जपून किमान दोन परिचित व्यक्तींनी नावानिशी जबाबदारी घ्यावी. एकट्या, थकलेल्या मेंटेनरने नवख्या माणसाला अधिकार दिले की काय होऊ शकते, हे मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइली संकुचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत सापडलेल्या चोरवाटेने दाखवून दिले आहे.

विद्यार्थी वर्षभरात बाहेर पडतात, म्हणून त्यांना मेंटेनर करू नये. टेस्ट लिहिणे, डेडलॉक (थ्रेड एकमेकांची वाट पाहत अडकून पडणे) शोधणे आणि दस्तऐवज सुधारणे ही कामे त्यांना द्यावीत, त्यासाठी प्रकल्पाचे पूर्ण गुण मिळावेत आणि भाषेच्या प्रकल्पाशी संपर्क ठेवण्याची जबाबदारी विभागातील एका प्राध्यापकाकडे असावी. गोवा विद्यापीठाने येत्या शैक्षणिक वर्षापासून प्रकल्पांच्या नियमांत ही तरतूद करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा